ब्रह्मपुरीचा पोसायडन आणि वहीतले तीन रकाने

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. आपल्या शाळेत तास पस्तीस मिनिटांचा असायचा आणि त्यातली पाच-सात हजेरीत जायची. आज हजेरी आधीच झाली आहे, शिवाय मागच्या बाकावरचे सगळे पुढे येऊन बसलेत. तेव्हा वीस मिनिटं पुरावीत.

तुमच्यापैकी कुणी फाउंड्री काढली, कुणी बँकेत गेलं, कुणी दवाखाना थाटला. मी मात्र एका शाळेतून निघाले ती दुसऱ्या शाळेत गेले आणि एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले. त्या वर्षांतल्या एकाच उद्योगाबद्दल आज बोलणार आहे. आपल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात मुलांना नेऊन पुराणकथा, कला आणि विज्ञान हे तिन्ही विषय एकाच वस्तूवरून कसे शिकवता येतात, त्याबद्दल.

टाऊन हॉल आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण बहुतेकांना बाहेरून. सीपीआरला कुणाला भेटायला गेलो की समोरच्या बागेत डबा खायचा, तोफांवर बसायचं आणि परतायचं. इमारत १८७२ ते १८७६ या काळातली. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तूंसाठी कोल्हापुरात संग्रहालय सुरू झालं आणि १९४९पासून ते या इमारतीत आहे. ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठची, आपण जिच्यावरून सायकली दामटायचो तीच टेकडी. १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं आणि पायाखाली सातवाहन काळातली नांदती वस्ती निघाली. टेकडीवर ब्राँझच्या वस्तूंचा एक साठाही सापडला होता. त्या साठ्यात होता पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव.

मूर्ती वीतभरही उंच नाही. दाढीवाला, उघड्या अंगाचा, एक हात उंच उगारलेला देव. हातातलं आयुध कधीच गळून गेलेलं आहे. शाळेची सहल येते तेव्हा मुलं त्याच्यासमोर सरासरी चार सेकंद थांबतात. पुढे तलवारी असतात ना! सहल म्हटली की रांग, रांग म्हटली की घाई, आणि घाईत वहीवर उतरतं ते पाटीवरचं वाक्य. वस्तू पाहायची राहूनच जाते.

मी मुलांना न्यायला लागले तेव्हा तीन नियम केले. एका खेपेला आठ-दहाच मुलं. एका शनिवारी दोनच वस्तू. आणि पाटी शेवटी वाचायची. आधी दहा मिनिटं नुसतं बघायचं आणि पेन्सिलीने चित्र काढायचं. चित्र चांगलं येण्याशी मतलब नाही. हात चालायला लागला की डोळा थांबतो, एवढंच त्यामागचं गणित. आपल्या चित्रकलेच्या बाई म्हणायच्या, "आधी बघ, मग खोडरबर माग." ते वाक्य मी आयुष्यभर वापरलं. बाई आज समोर बसल्या आहेत म्हणून कबूल करते.

मग वहीच्या पानावर तीन रकाने पाडायचे. पहिला, 'डोळ्यांना दिसतं ते'. दुसरा, 'गोष्टीत सांगितलंय ते'. तिसरा, 'तपासून पाहता येतं ते'. माझं आजचं सगळं भाषण या तीन रकान्यांबद्दल आहे.

पहिल्या रकान्यापासून सुरुवात करू. पोसायडनकडे बघून मुलं लिहायची, "एका पायावर भार दिलाय." मग मी त्यांना तिथेच तसं उभं राहायला सांगायची. भार एका पायावर टाकला की त्या बाजूचा कटिभाग वर येतो, खांदा खाली झुकतो, पाठीचा कणा किंचित वळतो. हे स्वतःच्या अंगात जाणवलं की मूर्तीतही दिसायला लागतं. ग्रीक शिल्पकारांनी ही उभं राहण्याची तऱ्हा बारकाईने अभ्यासली होती आणि रोमन काळातल्या कारागिरांनी ती छोट्या छोट्या मूर्तींत उतरवली. त्याच ब्रह्मपुरीचा ब्राँझचा एक हत्ती आहे, पाठीवर माणसं बसलेली. तो आपल्या मातीतला. हत्तीचं वजन कसं दाखवलंय, देवाचा तोल कसा दाखवलाय, हे शेजारी शेजारी ठेवून बघितलं की 'शैली' या शब्दाची व्याख्या लिहून द्यावी लागत नाही.

या मूर्तीसमोर एकदा हुपरीचा एक मुलगा उभा होता. घरी चांदीचं काम. वर्गात तो फारसा बोलायचा नाही, प्रयोगवहीत तर कायम शेरे. बराच वेळ काचेला नाक लावून तो म्हणाला, "बाई, ह्ये ठोकलेलं न्हाई, वतलेलं हाय." कशावरून, विचारलं. म्हणाला, "ठोकलेल्याला आतनं पोकळी असती, पत्रा असतो. ह्ये भरीव दिसतंय. आन् बोटं बघा, येवढी बारीक बोटं ठोकून येत न्हाईत. मेणाची करून वतल्यात." त्या दिवशी उरलेला तास त्यानेच घेतला. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि रिकाम्या जागेत धातू ओतायचा. अशा छोट्या भरीव मूर्ती भूमध्य समुद्राकाठी याच रीतीने घडत आणि आपल्याकडेही.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत त्याच्यावरच गणित मांडलं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. मूर्ती ओतताना मेणाच्या वजनाच्या किती पट धातू घ्यावा, हे त्यात दिलेलं आहे. तांब्या-पितळेला आठपट, चांदीला बारापट, सोन्याला सोळापट. आता हे प्रमाण म्हणजे दुसरं काय? घनताच. मधमाशीच्या मेणाची घनता पाण्याहून किंचित कमी, तांब्याच्या मिश्रधातूची पावणेनऊच्या आसपास, चांदीची साडेदहा, शुद्ध सोन्याची एकोणीसच्या वर. मुलांनी भागाकार केले. तांब्याला नऊ, चांदीला अकरा आणि सोन्याला वीस. पहिली दोन उत्तरं ग्रंथाच्या जवळ आली, सोन्याचं दूर गेलं. वर्गात शांतता. मग गुजरीत दुकान असलेल्या घरातली एक मुलगी म्हणाली, "शुद्ध सोन्याची मूर्ती कोण करतंय? मिसळलं की हलकं होतं." तिने अठरा कॅरट धरून हिशेब केला. उत्तर सोळाच्या आसपास आलं. ग्रंथकाराच्या मनात नेमकं तेच होतं असं या हिशेबाने सिद्ध होत नाही, हेही त्याच तासाला बोललो. पण आठवीच्या पुस्तकातला घनतेचा धडा त्या वर्षी कुणाला पाठ करावा लागला नाही.

साठ्यात ब्राँझचे आरसेही होते. आरसा आणि हिरवा? इथे चिंचेचा प्रयोग करायचा. काळवंडलेल्या तांब्याच्या तांब्यावर चिंच घासली की तो लखलखतो, कारण आम्ल वरचा थर विरघळवतं. मग कुणीतरी हमखास विचारायचं, "संग्रहालयवाले चिंच का लावत नाहीत?" कारण तो हिरवा थर म्हणजे त्या वस्तूने मातीत काढलेल्या शतकांची नोंद आहे. घासला तर आरसा चमकेल, पण नोंद जाईल.

आता दुसरा रकाना, गोष्टीचा. कोल्हापुरात ग्रीक देव आला कसा, हे आधी नकाशावर बघायचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं मार्गदर्शक पुस्तक आहे. त्यात कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं आहेत, पैठण आणि तेर या बाजारपेठा आहेत. इजिप्तमधून जहाजं जुलैच्या सुमारास निघायची आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडायची. परतीला ईशान्येचा वारा. जो वारा आपल्या छत्र्या उलट्या करतो, त्याच वाऱ्याच्या भरवशावर हा व्यापार चालला. त्या वाटेने मालाबरोबर देवही आले. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून आपल्याकडून वर्षाला दहा कोटी सेस्टर्स नेतात, त्यातले पाच कोटी एकट्या भारताकडे जातात, अशी तक्रार रोमच्या प्लिनीने लिहून ठेवली आहे. हे ऐकल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते बघण्यासारखं असायचं.

त्याच साठ्यात ब्राँझची एक गोल तबकडी मिळाली. तिच्यावर पर्सियस अँड्रॉमेडाला सोडवतो आहे. गोष्ट अशी. कॅसिओपिया राणीने सौंदर्याची बढाई मारली. पोसायडन रागावला आणि त्याने सागरी राक्षस धाडला. तो शांत व्हावा म्हणून राजकन्या अँड्रॉमेडाला खडकाला बांधून ठेवलं. मेडुसाचं मस्तक कापून परतणाऱ्या पर्सियसने तिला सोडवलं. म्हणजे मूर्तीतला देव आणि तबकडीवरचं संकट, दोन्ही एकाच गोष्टीतले! हे मी सांगायची नाही. गोष्ट तुकड्यांनी सांगायची आणि थांबायची. कुणीतरी ओरडायचंच, "बाई, म्हणजे ह्यानंच धाडला की तो राक्षस!"

आणि आता आपल्या घरची गंमत ऐका. याच गोष्टीतली माणसं आकाशात आहेत आणि मराठी खगोलाच्या पुस्तकांत त्यांना आपली नावं आहेत. कॅसिओपिया ती शर्मिष्ठा, सेफियस तो वृषपर्वा, अँड्रॉमेडा ती देवयानी आणि पर्सियस तो ययाति. सागरी राक्षस झाला तिमिंगल. महाभारताच्या आदिपर्वात शर्मिष्ठा बापाच्या ऐश्वर्याची बढाई मारते, देवयानीला विहिरीत ढकलते आणि ययाति हात देऊन तिला बाहेर काढतो. तिकडे खडक, इकडे विहीर. बढाई दोन्हीकडे, हात देणाराही दोन्हीकडे. ज्या गावात वि. स. खांडेकरांनी 'ययाति' लिहिली, त्या गावातल्या मुलांना हे तारे ओळखता येऊ नयेत, हे मला पटायचं नाही.

डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर जायचं. शर्मिष्ठेचा इंग्रजी एमसारखा आकार, मग देवयानी, मग ययाति. ययातिमध्ये, म्हणजे पर्सियसच्या हातातल्या मेडुसाच्या मस्तकात, एक तारा आहे, अल्गोल. नाव अरबी, अर्थ राक्षसाचं डोकं. हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो आणि काही तासांत पुन्हा पूर्ववत होतो. १७८३ साली जॉन गुडरिक या इंग्लंडमधल्या कर्णबधिर तरुणाने हा कालावधी मोजून दाखवला. वय जेमतेम अठरा. एक काळोखी वस्तू ताऱ्यासमोरून फिरत असावी, हा त्याचा तर्क होता. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे एकमेकांना झाकतात, हे पुढे सिद्ध झालं. आमची मुलं शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून रोज नोंद ठेवायची. एका जानेवारीत सात मुलांच्या वह्यांत एकाच रात्री "आज बारीक" अशी नोंद सापडली. तो आनंद दहावीच्या निकालाहून मोठा होता. पन्हाळ्याच्या बाजूला, जिथे अंधार असतो तिथे, देवयानी दीर्घिकेचा धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो प्रकाश तिथून निघून सुमारे २५ लाख वर्षं झाली.

मित्रांनो, इथवरचं सगळं गोड आहे. आता जे सांगते ते थोडं अवघड आहे.

एका शनिवारी सातवीतल्या मुलीने विचारलं, "बाई, पोसायडन खरा होता का?" मी काही बोलायच्या आत दुसरा म्हणाला, "खरा कुठला? ते ग्रीकांचे खोटे देव." आणि तिसरी म्हणाली, "मग आपले?" पुढच्या सोमवारी एक पालक शाळेत आले. आवाज चढलेला. "आमच्या पोरांना देव खोटे म्हणून शिकवता का?" त्याच वर्षी दुसऱ्या टोकाचे एक गृहस्थ मला म्हणाले, "ही असली पुराणं विज्ञानाच्या बाईंनी कशाला सांगायची? अंधश्रद्धा आहे सगळी." आणि तिसऱ्या प्रकारची माणसं तर तुम्हाला रोज मोबाईलवर भेटतात. प्राचीनांना सगळं विज्ञान ठाऊक होतं आणि त्यांनी ते गोष्टींत लपवून ठेवलं, असं म्हणणारी.

या तिघांनाही माझं उत्तर एकच होतं, तीन रकान्यांची वही. मी त्या पालकांना म्हटलं, "येत्या शनिवारी तुम्हीच या आमच्याबरोबर." ते आले. मुलीची वही बघितली. दुसऱ्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'लोक समुद्रावर जाताना याला नवस करायचे.' तिसऱ्यात, 'मूर्ती ब्राँझची. ओतीव. समुद्रापलीकडून आली.' खरं किंवा खोटं असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते बराच वेळ मूर्तीपुढे उभे राहिले. निघताना म्हणाले, "आमचे वडील सुगीआधी नांगराची पूजा करायचे. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?" मुलगी म्हणाली, "पूजा दुसऱ्या, नांगर तिसऱ्या." वाद मिटला असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर ते दोन वेळा आले, स्वतःहून.

श्रद्धा दुसऱ्या रकान्यात मानाने बसते. तिला तिसऱ्यात ओढलं की तिचीही फरफट आणि विज्ञानाचीही. आमच्याच वर्गात हा मोह झाला होता. एक हुशार मुलगा म्हणाला, "अल्गोल मंदावतो हे ग्रीकांना माहीत असणार, म्हणूनच त्यांनी तो मेडुसाच्या डोक्यात ठेवला." कल्पना देखणी आहे. मी म्हटलं, पुरावा आण. टॉलेमीच्या ताऱ्यांच्या यादीत अल्गोल आहे, मस्तकातला तेजस्वी तारा म्हणून. मंदावण्याबद्दल त्यात एक शब्द नाही. मुलगा खट्टू झाला, पण त्याने स्वतःच्या हाताने ते वाक्य तिसऱ्या रकान्यातून खोडून दुसऱ्यात लिहिलं, 'आमच्या वर्गाची गोष्ट' म्हणून. माझ्या एकतीस वर्षांतला सगळ्यात मोलाचा खोडरबर तो.

कधी कधी रकाना रिकामाही राहतो. इनामगावच्या उत्खननात मातीची, न भाजलेली एक छोटी डबी मिळाली. घराच्या जमिनीखाली पुरलेली, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. तिच्याबरोबर एक बैल आणि शिर नसलेली स्त्रीमूर्ती होती. इनामगावच्या वस्तू पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात बघायला मिळतात. तिथे नेलेल्या मुलांनी पहिला रकाना भरला, तिसराही भरला. दुसऱ्यात काही लिहिता येईना. त्या माणसांनी लिहून ठेवलेलं काहीच नाही, गोष्ट सांगणारं कुणी उरलेलं नाही. एका मुलीने तिथे एवढंच लिहिलं, 'घरातल्या कुणीतरी काळजीने पुरलं.' मला यात दुरुस्ती सुचली नाही.

म्हणून मी म्हणते, पुराणकथा भाषेच्या तासाला, मूर्ती चित्रकलेच्या तासाला आणि घनता माझ्या तासाला, ही वाटणी वेळापत्रकाची आहे. ज्याने ती मूर्ती घडवली, त्याच्या घरी वेळापत्रक नव्हतं. मेण किती घ्यायचं हे त्याला कळत होतं, देवाचा राग ठाऊक होता आणि पायाचा तोलही माहीत होता. मुलांना त्या एका माणसाला भेटवायचं, आणि मग त्याचं काय दिसतं, काय मानलं जात होतं आणि काय तपासता येतं, हे वेगळं करायला शिकवायचं. हे वेगळं करता येणारी पिढी उद्या मोबाईलवर आलेलं वाक्यही आधी योग्य रकान्यात टाकेल. मला यापेक्षा मोठं काही शिकवायचं नव्हतं.

आता मागणी. भाषण करणाऱ्याने शेवटी काहीतरी मागायचं असतं, पण मी पैसे मागत नाही. आपल्या शाळेची आजची सातवी आणि आठवी टाऊन हॉलपासून चालत वीस मिनिटांवर आहे. मोठ्या शहरांतली संग्रहालयं बस भरून वस्तू गावोगाव नेतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं फिरतं संग्रहालय तसंच आहे. आपल्याकडे वस्तू दारात आहेत, माणसं नाहीत. चाळीस मुलांमागे एक शिक्षक असेल तर सहलच होते, अभ्यास होत नाही. आठ मुलांमागे एक मोठं माणूस हवं.

आणि तशी माणसं या सभागृहात बसली आहेत. फाउंड्रीवाल्यांनी ओतकामाचं सांगावं. डॉक्टरांनी मूर्तीच्या कण्याकडे आणि कमरेकडे बघायला शिकवावं. बँकवाल्यांनी प्लिनीच्या पाच कोटींचा हिशेब मांडावा. कीर्तन करणारे आपले मित्र आहेत, त्यांनी ययातीची कथा सांगावी, आणि ती गच्चीवर, तारे दिसत असताना. आपल्या सरांनी आणि बाईंनी नुसतं खुर्चीत बसून मुलांची चित्रं बघितली तरी पुष्कळ.

वर्षातून दोन शनिवार द्या. नावनोंदणीची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. तिच्यातही तीन रकाने आहेत. नाव, फोन आणि कोणता शनिवार. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका.